मिनिएचर युद्धखेळ आणि आठ वर्षांची लेक: सुरुवात कुठून करावी?

रंगीत_शिपाई (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी.

गेली अकरा वर्षे मी टेबलावरचे मिनिएचर युद्धखेळ खेळत आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण २८ मिलिमीटर उंचीचे प्लास्टिकचे शिपाई सुट्या भागांतून जोडायचे, स्वतः रंगवायचे, टेबलावर टेकड्या, घरे, झाडे मांडायची आणि टेपने अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायची, असा हा नाद आहे. बुद्धिबळासारखी घरे यात नसतात; एखाद्या शिपायाची चाल सहा इंच असेल तर टेप लावून तो सहा इंचच सरकतो, मग मध्ये भिंत आडवी येवो की ओढा. मी मुख्यतः वॉरहॅमर ४०,००० हा अंतराळातल्या युद्धांचा खेळ खेळतो, जो गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणला. पुण्याला नोकरीत असताना खेळायला चार मित्र होते. आता गावी परतल्यापासून जोडीदार कोणी नाही, आणि दीडशे शिपाई दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात नुसते उभे आहेत.

माझी लेक यंदा तिसरीत आहे. त्या कपाटाच्या काचेवरचा तिच्या नाकाचा ठसा रोज पुसावा लागत असे. दोन महिन्यांपूर्वी तिने सरळ विचारले, "बाबा, हे फक्त बघायचेच असतात का?" या प्रश्नाची मी किती वर्षे वाट पाहत होतो हे घरात सर्वांना माहीत आहे. त्याच रविवारी मी टेबल मांडले, आणि तिथेच माझे चुकले.

खेळाचे नियम मी पहिल्या पानापासून सांगू लागलो. आमच्या खेळात गोळी झाडली की ती लागली का यासाठी एकदा फासा, लागली तर जखम झाली का यासाठी पुन्हा फासा, आणि जखम झालीच तर चिलखताने ती अडवली का यासाठी समोरच्याचा फासा, अशी तीन पायऱ्यांची उतरंड असते. प्रत्येक पायरीचा आकडा वेगळा असतो आणि तो कुठे पाहायचा हे ठाऊक असावे लागते. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "बाबा, माझी पाळी कधी येणार?" वास्तविक त्या वीसही मिनिटांत पाळी तिचीच चालू होती.

दुसऱ्या रविवारी मी नियम निम्म्यावर आणले आणि तिला गोडी लागावी म्हणून मुद्दाम हरायचे ठरवले. शेवटी माझा सरदार तिच्या तोफेसमोर अगदी उघड्यावर आणून उभा केला. तिने तोफ डागलीच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही तो मुद्दाम तिथे ठेवलात." त्यानंतर कपाटाच्या काचेवर नाकाचा ठसा उमटलेला नाही.

ज्यांनी आपल्या किंवा शेजारच्या मुलांना असे खेळ शिकवले आहेत त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की, नियम कापायचे तर कोणते कापावेत, मुलाला हरू द्यावे की जिंकू द्यावे, आणि रंग, चाकू, गोंद यांच्या जवळ त्याला कोणत्या वयात येऊ द्यावे. डब्यांवर बारा वर्षांपुढील मुलांसाठी असे छापलेले असते. लेक बारा वर्षांची होईपर्यंत थांबावे असा सल्लाही चालेल, फक्त तो कारणासह द्यावा.

मास्तर_उदगीरचे

आपला पहिला रविवार वाचून हसू आले, कारण तो मीही काढलेला आहे, आणि तोही चौतीस मुलांसमोर.

आपण कोणते नियम कापावेत असे विचारले आहे. माझ्या मते नियम कापण्यापेक्षा ते कुणाच्या डोक्यात राहावेत हा प्रश्न मोठा आहे. या खेळाचा मूळ पुरुष समजला जातो तो प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातला नकाशावरचा युद्धखेळ. राइसवित्झ पिता-पुत्रांपैकी पुत्राने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. त्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत आणि पंच फासे टाकून, तक्ते पाहून निकाल सांगत असे. पुढे नियम इतके वाढले की अधिकारी कंटाळले. तेव्हा व्हर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने १८७६ मध्ये अशी मांडणी केली की, पंच अनुभवी असेल तर तक्ते बाजूला ठेवावेत आणि त्याने आपल्या अकलेने निकाल द्यावा. खेळाडूने सेनापतीसारखा विचार करावा, तक्ते सांभाळणे हे त्याचे कामच नव्हे.

आपल्या घरी हे सहज करता येईल. लेकीला नियम सांगूच नका. तिला विचारा, "तुला काय करायचे आहे?" ती म्हणेल, माझा घोडेस्वार त्या घरामागून जाऊन तुमच्या तोफेवर पडणार. आपण मनात आपले सगळे तक्ते चाळा आणि तिला एकच आकडा सांगा. सोपे असेल तर तीन किंवा वर, बरोबरीचे असेल तर चार किंवा वर, अवघड असेल तर पाच किंवा वर. फासा तिने टाकायचा. आपल्या तीन पायऱ्यांचा हिशेब आपल्या डोक्यात झाला, तिच्या वाट्याला फक्त बेत आणि फासा आला. दोन-चार डावांनी तीच विचारू लागते की, मघाशी चार होते आणि आता पाच का. त्या वेळी नियम सांगावा, कारण आता तो तिने मागितलेला असतो.

टेपविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. शाळेत मुले सेंटिमीटर शिकतात आणि आपले खेळ इंचांत चालतात, त्यामुळे लहान मुलाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. आमच्या वर्गात मी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. आखूड पट्टी पायदळाची, लांब पट्टी घोडदळाची. मोजणे नाही, वाचणे नाही, पट्टी ठेवायची आणि शिपाई सरकवायचा. शिंप्याची टेप चौथीत गेल्यावर हातात द्यावी.

मांजराकाठची (लातूर)

मास्तरांशी सहमत आहे. मी मात्र रंग आणि हत्यारे यांवर लिहिते, कारण त्या बाबतीत बाबा लोक फार निष्काळजी असतात असा माझा अनुभव आहे (आमच्या घरचे हे वाचत नाहीत).

प्लास्टिकच्या चौकटीतून भाग कापणे आणि सुरीने खरवडणे हे काम मोठ्यांचे आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाकडून ते करून घेण्याची काहीही गरज नाही. झटपट चिकटणारा गोंदही त्याच्या हाती देऊ नये. बोटे चिकटतात आणि मूल घाबरून ओढते. भाग जोडून द्यावेत, रंग त्याने द्यावा. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग त्याला चालतात. जुने धातूचे शिपाई कुणाकडून मिळाले तर त्यांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून ते मुलाच्या हाती न दिलेले बरे. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले शिपाई आणणार असाल तर द्रवरूप रेझिनचे काम घरात मुले असताना करू नये. न सुकलेले रेझिन त्वचेला अपाय करते. घरात तीन वर्षांखालचे धाकटे भावंड असेल तर तलवारी, हात आणि डोकी मोजून डब्यात बंद करावीत, कारण ती थेट तोंडात जातात.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याविषयी. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दुपारी रंग कुंचल्यावरच सुकतो. ओला पॅलेट करून घ्यावा: पसरट डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावले की दुसऱ्या दिवशीही रंग ओला सापडतो. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, फवारा दुपारच्या उन्हात मारू नये, थेंब हवेतच सुकतात आणि शिपायाच्या अंगावर वाळू बसल्यासारखा खरखरीतपणा येतो. सकाळी सातच्या आत, वारा सुटण्यापूर्वी, गच्चीवर, आणि मुलांना दूर ठेवून हे काम उरकावे.

शिपायांच्या पायाखालची जमीन करण्यासाठी विकतची पूड आणू नये. शेतातली काळी माती चाळून घ्यावी, फेविकॉल आणि पाणी घालून जाडसर लेप द्यावा आणि सुकू द्यावा. आपली माती सुकताना भेगाळते हे कुणाला सांगायला नको, आणि त्या बारीक भेगा बेसवर इतक्या हुबेहूब येतात की परदेशातले लोक त्यासाठी खास रंगाच्या बाटल्या विकत घेतात याचे मला हसू येते. कापूस वेचून झाल्यावरच्या पऱ्हाट्यांचे शेंडे मोडून आणले की वठलेली झाडे तयार, तुराट्यांचे तुकडे सुतळीने बांधले की कूड तयार. माझ्या मुलाने पहिली टेकडी दिवाळीच्या किल्ल्यातून उचलून आणली होती, मातीच्या मावळ्यांसकट, आणि त्याच्या पहिल्या लढाईत अंतराळातले चिलखती सैनिक विरुद्ध मावळे असा सामना झाला. मावळे जिंकले.

एक सावधगिरी. वाळू नव्हती म्हणून मी एकदा रवा चिकटवला. दिसायला फार सुरेख झाले. तीन दिवसांनी पाहते तर मुंग्यांची रांग कपाटाच्या फटीतून आत गेलेली आणि अर्धी पलटण बुडाखालून खाल्लेली. रवा वापरू नये.

गोदाकाठ (नांदेड)

मी वयाने आपल्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि हा खेळ मला परका आहे, तरी एक शंका विचारते. मुलांच्या हातांत आधीच मोबाइलवरचे मारामारीचे खेळ आहेत. त्यात पुन्हा घरातल्या बापानेच बसवून लढाई शिकवावी, कोण मेला, किती मेले हे मोजायला लावावे, हे मला पटत नाही. आठ वर्षांच्या मुलीला टेबलाशी बसवायचेच असेल तर सारीपाट आहे, बुद्धिबळ आहे.

मास्तर_उदगीरचे

काकू, आपली शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. मात्र बुद्धिबळ हाही मुळात चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. तिथली लढाई लाकडाची झाली म्हणून आपल्याला ती दिसत नाही एवढेच. या छंदाला घराघरांत नेणारा इंग्रज लेखक एच. जी. वेल्स १९१३ मध्ये आपल्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाच्या शेवटी हेच सांगतो की, खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध कितीतरी बरे, आणि खरे युद्ध किती अवाढव्य मूर्खपणाचे असते हे एकदा खेळून पाहिले की कळते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. वेल्सचा खेळ मुलांना फार आवडतो, कारण त्यात तोफेचा निकाल फाशाने लागत नाही. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडाची कांडी उडवायची, जो पडला तो पडला.

तरीही आपले एक म्हणणे मी मान्य करतो. वॉरहॅमर ४०,००० ची कथा कवट्या, छळ आणि नरसंहार यांनी भरलेली आहे. शिपाई वापरावेत, कथा मुलांना सांगू नये. मुले स्वतःची कथा आणतातच.

वैजापूरकर

काकूंच्या शंकेला आमच्या तालुक्यातच एक उत्तर आहे. पालखेड आमच्या वैजापूर तालुक्यातले. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला तिथे गाठले, आणि त्या मोहिमेत मोठी हातघाई झाल्याचे कुणी सांगत नाही. निजामाच्या तोफा आणि जड सामान मागे पडले, मराठ्यांनी त्याची रसद तोडली, पाण्यापासून त्याला दूर कोंडले, आणि मार्च महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. सगळा खेळ चालीचा आणि पाण्याचा.

माझ्या भाच्याबरोबर मी हाच डाव खेळतो. टेबलावर तीन विहिरी असतात, त्यासाठी बाटल्यांची झाकणे ठेवतो. एका बाजूकडे हळू चालणारे पायदळ आणि तोफा, दुसऱ्या बाजूकडे निम्म्या संख्येचे पण दुप्पट वेगाचे घोडेस्वार. ज्याच्या ताब्यात सलग तीन पाळ्या दोन विहिरी राहतील तो जिंकला. शिपाई मारल्याचे गुण नाहीत. पहिल्या डावात भाचा सवयीने धावून आला आणि तोफांपुढे निम्मे स्वार घालवून बसला; दुसऱ्या डावात तो लढलाच नाही, नुसता विहिरीभोवती फिरत राहिला आणि मला तहानेने मारले. मराठवाड्यातल्या मुलाला पाणी कोंडणे म्हणजे काय हे फार समजावून सांगावे लागत नाही. आमच्या घरासमोर टँकर उभा राहतो तेव्हा रांग कुठून लावायची हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते.

रंगीत_शिपाई (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर मी काही लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे होते.

मास्तर, रविवारी मी नियमांचे पुस्तक कपाटाच्या वर ठेवून दिले आणि आपल्या पद्धतीने बसलो. कापूस पिंजल्यासारखी दोन झुडपे, पुठ्ठ्याची पाच घरे आणि टेबलाच्या मधोमध नदी म्हणून बायकोची निळी ओढणी. लेकीला आठ शिपाई, एक तोफ आणि तीन घोडेस्वार दिले. वैजापूरकरांच्या सांगण्याप्रमाणे मारण्याचे गुण ठेवले नाहीत. माझ्या काठावरचे देऊळ, म्हणजे काड्यापेटीवर काड्यापेटी, तिने घ्यायचे होते. नदीवर एकच पूल होता आणि त्याच्या तोंडाशी माझी तोफ.

तिने पुलाकडे पाहिले. नंतर पाच मिनिटे ती काहीच बोलली नाही. माझ्या तोंडून तीन वेळा सूचना निघता निघता राहिली, आणि खरे सांगतो, त्या पाच मिनिटांत गप्प बसणे ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत अवघड चाल वाटली. मग तिने एक घोडेस्वार उचलला आणि टेबलाच्या पार उजव्या टोकाला, ओढणीच्या काठावर नेऊन ठेवला. म्हणाली, "मी इथून पलीकडे जाणार."

मी म्हणालो, "तिथे पूल नाही."

"पण इकडे दोन घरं आहेत आणि समोर पण दोन घरं आहेत ना? मग इकडचे लोक तिकडे जातच असतील की."

ती घरे मी कसलाही विचार न करता, जागा रिकामी दिसू नये म्हणून ठेवली होती. जुन्या सवयीने मी म्हणणार होतो की, नियमांत नदी म्हणजे पार न करता येणारा अडथळा. ते शब्द गिळले आणि म्हणालो, "पाच किंवा वर." फासा घरंगळत ओढणीच्या चुणीत अडकला आणि तिथे तो पाचावर स्थिरावला. तिने तिन्ही घोडेस्वार पलीकडे नेले, आणि माझी तोफ पुलाकडे तोंड करून उभी असताना मागून येऊन देऊळ घेतले. या वेळी मी मनापासून हरलो, आणि तिला ते कळले.

भोकरदनवाला

रंगीत_शिपाई दादा, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. आपल्या लेकीने जे सांगितले ते आमच्या भागात सुमारे २२० वर्षांपूर्वी एका माणसाने केले होते आणि त्यावर लढाईचा निकाल फिरला.

असई हे गाव जालना जिल्ह्यात, आमच्यापासून जवळच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभी होती. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या आणि जवळ शंभराच्या आसपास तोफा होत्या. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली केळनेच्या दक्षिण काठाने आला. समोरून नदी ओलांडावी तर तोफांच्या तोंडी जावे लागणार, म्हणून त्याला मराठ्यांच्या डाव्या बगलेकडे पुढे कुठे उतार, म्हणजे नदी चालत ओलांडता येईल अशी जागा, आहे का हे हवे होते. वाटाड्यांनी सांगितले की पुढे उतार नाही. त्याने मात्र पाहिले की पिंपळगाव या काठावर आहे आणि त्याच्या अगदी समोर दुसऱ्या काठावर दुसरे गाव आहे, आणि त्याने ताडले की, दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच. माणूस पाठवून खात्री केली, उतार सापडला, आणि फौज तिथून पार झाली.

पुढचे मात्र इंग्रजांना वाटले तेवढे सोपे झाले नाही, आणि हे लेकीला आवर्जून सांगावे. बगलेवर हल्ला येतो आहे हे दिसताच पोलमनने अख्खी फळी काटकोनात वळवून पूर्वेकडे तोंड करून उभी केली. कवायती पलटणींनाच जमावे असे ते काम होते. मराठ्यांच्या फौजेने इंग्रज बाजूची दीड हजारांहून जास्त माणसे ठार-जखमी केली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लू जिंकलेल्या या वेलस्लीला म्हातारपणी विचारले की तुमची रणातली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्याने असईचे नाव घेतले.

टेबलावर मांडायचे असेल तर मी असे करतो. सुमारे तीन फूट बाय दोन फूट जागा पुरते. दोन ओढण्या घ्या आणि त्या उजवीकडे एकत्र येतील अशा पसरा. नदीखाली तीन चिठ्ठ्या ठेवा, त्यांतल्या एकीवर 'उतार' लिहा आणि बाकीच्या कोऱ्या ठेवा. चिठ्ठी कुठे आहे हे पंचाला ठाऊक. घरे मांडताना तेवढी उताराजवळ समोरासमोर मांडा आणि त्याविषयी एक अक्षर बोलू नका. प्रत्येक बाजूला बारा तुकड्यांहून जास्त देऊ नका. १९९० पासून खेळल्या जाणाऱ्या डीबीए या छोट्या नियमावलीतही दोन्हीकडे बारा-बाराच तुकड्या असतात, आणि तासाभरात डाव उरकतो. मुलांची बैठक तेवढीच असते.

मांजराकाठची (लातूर)

लेकीचे फार कौतुक वाटले. हरण्या-जिंकण्याच्या प्रश्नाकडे मात्र कुणी वळलेच नाही. मुद्दाम वाईट खेळून हरणे मुलांना ओळखू येते आणि त्यांना तो अपमान वाटतो, हे धागाकर्त्यांच्या दुसऱ्या रविवारवरून दिसतेच. त्याऐवजी सुरुवातीलाच उघडपणे वजन कमी-जास्त करावे. या खेळांत प्रत्येक शिपायाचे पॉइंट्स, म्हणजे ताकदीनुसार ठरलेली किंमत, असतात, ते यासाठी फार सोयीचे आहेत. आम्ही मुलाला पाचशेची फौज देतो, स्वतः तीनशेची घेतो, आणि मग जीव तोडून खेळतो. तो तीनदा जिंकला की त्याचे पन्नास कमी. गेल्या दिवाळीपासून आम्ही बरोबरीवर आहोत आणि मला ते आता जड जाते आहे.

मास्तर_उदगीरचे

ताई, ही पद्धत दहा वर्षांच्या पुढे उत्तम. आठव्या वर्षी मी मूल आणि बाप एकाच बाजूला बसवीन, आणि समोरची फौज पंचाने किंवा ठरलेल्या सोप्या नियमाने चालवावी, म्हणजे जो सर्वांत जवळ असेल त्याच्यावर चालून यावे. फाशाने दगा दिला तर दोघांनी मिळून चरफडावे. फाशावरून रडणे हा या वयातला खरा घोर आहे. आमच्या वर्गात एका मुलाला लागोपाठ चार वेळा एक पडला आणि पाचव्या वेळी सहा पडणारच असे त्याने शपथेवर सांगितले. आम्ही फळ्यावर साठ फासे टाकून नोंदवले. प्रत्येक आकडा दहाच्या आसपास आला, पण कुठल्याही आकड्याला मागच्याची आठवण नव्हती. ते पाहूनही त्याचा विश्वास बसला नाही, आणि माझ्या मते मोठ्यांचाही बसत नाही.

मांजराकाठची (लातूर)

एकाच बाजूला बसले की बाबा सेनापती होतात आणि मूल हमाल होते. मी माझ्या मतावर ठाम आहे.

गोदाकाठ (नांदेड)

पाण्याचा डाव मला आवडला. नातू मे महिन्यात येणार आहे. झाकणे जमवून ठेवते. शिपाई नसतील तर पोळ्याचे मातीचे बैल चालतील का?

वैजापूरकर

काकू, अगदी चालतील. बैलांची चाल मात्र आखूड ठेवा, नाहीतर भाचेमंडळी त्यांना घोडदळ करून टाकतात.

रंगीत_शिपाई (छत्रपती संभाजीनगर)

थोडे उशिरा लिहितो आहे. गेल्या रविवारी भोकरदनवाल्यांच्या सांगण्यावरून लेकीला घेऊन असईला जाऊन आलो. वाटेत तिला सगळी हकीकत सांगितली, गावे, उतार, वाटाडे, तोफा. आम्ही केळनेच्या काठावर उभे राहिलो तेव्हा मे महिन्याची अकरा वाजताची वेळ होती. पात्र कोरडे होते, नदीत शेळ्या चरत होत्या आणि एक मोटारसायकल आरामात वाळूतून पलीकडे गेली. लेकीने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, इथे तर सगळीकडेच उतार आहे." लढाई सप्टेंबरातली होती हे मी सांगायचे विसरलो होतो. मग आम्ही नदीत उतरून पाण्याची खूण शोधत काठाच्या मातीवरून हात फिरवला. ती खूण लेकीच्या डोक्याच्या वर होती. तेव्हा लेक थोडी गप्प झाली.

घरी आल्यावर भोकरदनवाल्यांचा डाव मांडला. ती मराठ्यांकडून खेळली आणि पहिल्याच पाळीत दोन पलटणी तिने उतारासमोर आणून बसवल्या, कारण उतार कुठे असणार हे आता तिला घरांवरूनच कळत होते. मी वेलस्ली होतो आणि मला पलीकडे जाताच आले नाही. मांजराकाठच्या ताई, पॉइंट्स बरोबरीचे होते याची नोंद घ्यावी.

आज दुपारी शेजारचा तिच्या वर्गातला मुलगा आला आहे. मी स्वयंपाकघरात चहा करतो आहे आणि बाहेरचे ऐकू येते आहे. त्याने विचारले, "नियम काय आहेत?" ती म्हणाली, "तुला काय करायचंय ते सांग. आकडा मी सांगते." त्याला आपला शिपाई देवळाच्या छतावर चढवायचा आहे. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "सहाच." त्याने फासा इतक्या जोरात टाकला की तो दिवाणाखाली गेला आहे, आणि दोघेही आत्ता टॉर्च मागायला आले आहेत.